कोलायटिस असताना १६-८ चा उपास केला तर चालतो का?

निशिगंध७८:
मला ४ वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा) आहे, सुजेवरचं औषध मेसालामिन चालू आहे, दीड वर्ष झालं शौचातून रक्त पडलेलं नाही. ऑफिसात कुणी दीक्षित डाएट करतंय कुणी १६-८, आणि माझंही वजन ८१ झालंय म्हणून ३ आठवडे झाले रात्री ८ नंतर दुपारी १२ पर्यंत काही खात नाही. पोट एकदम हलकं वाटतं, सकाळच्या ३ फेऱ्यांची १ झाली. आई मात्र रोज ओरडते, आजारी माणसाने उपाशी राहू नये म्हणून. कुणी केलंय का?

घाटावरचा:
ताई मला क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) आहे, मी दोन वेळा जेवायचं करून बघितलं, पण माझ्या आतड्याचा एक भाग अरुंद झालाय हे तेव्हा माहीतच नव्हतं, सगळी भूक एकाच ताटावर काढायचो, भाकरी, मटकीची उसळ, वर कच्चा कांदा. तिसऱ्या आठवड्यात पोट फुगून उलट्या, ४ दिवस ॲडमिट. आता थोडं थोडं ५ वेळा खातो. कोलायटिसचं वेगळं असेल, पण एकदम खूप जेवू नका एवढं नक्की सांगेन.

आईची_डायरी:
माझ्या मुलाला हाच आजार आहे म्हणून याबद्दल बरंच वाचलंय. फेऱ्या कमी झाल्या म्हणजे सूज कमी झाली असं नसतं हो, आत कमी गेलं की बाहेरही कमीच येणार. सूज बघायची तर शौचाची कॅल्प्रोटेक्टिन टेस्ट करा. २०१९ मध्ये उपासावर संशोधन करणाऱ्या लाँगो यांच्या टीमने उंदरांवर प्रयोग केला होता, थोडे दिवस कमी कॅलरीचा खास आहार देऊन, त्यात आतड्याची सूज उतरली, नुसत्या पाण्यावर ठेवलेल्या उंदरांना मात्र तसा फायदा झाला नाही. आणि ते उंदीर आहेत. रमजानचे रोजे ठेवणाऱ्या पेशंटचाही अभ्यास झालाय, सीआरपी (रक्तातून सूज कळणारी टेस्ट) आणि कॅल्प्रोटेक्टिन फारसं हललं नाही पण कोलायटिसवाल्यांचा त्रास थोडा वाढला. तुमचा आजार शांत आहे, वजनही जास्त आहे, त्यामुळे डॉक्टर कदाचित हो म्हणतील, पण रक्त पडत असताना, वजन उतरत असताना किंवा हिमोग्लोबिन कमी असताना हे अजिबात नको, तेव्हा शरीराला जास्त प्रोटीन लागतं. स्टिरॉइड चालू झालं तर ते काहीतरी खाऊनच घ्यायचं असतं, दुपारच्या १२ ची वाट बघायची नाही.
आणि एकादशीला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, हिरवी मिरची खाऊन पोट बिघडलं की लोक म्हणतात उपास बाधला, पण आमच्याकडे मिरचीच बाधली होती. मुलाला आता भगर आणि ताक देते, ते सोसतं.

निशिगंध७८:
मिरचीचं अगदी खरं, गेल्या आषाढीला माझंही तेच झालं होतं. डॉक्टरांची अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे पण उद्याच फोन करून कॅल्प्रोटेक्टिन करू का विचारते, तोपर्यंत सकाळी ९ ला दहीभात चालू करते. दादा, तुमचं ते अरुंद झालेलं कशात कळलं, सीटी का एमआरआय?

घाटावरचा:
सीटीत. ॲडमिट झालो त्याच रात्री.