अनुभव धागा : कॉपीच्या कमांडीत भोक निघालं तेव्हा तुम्ही काय केलासा?

उद्यमबागकर : आज एका फाउंड्रीच्या सर्व्हरवर आरसिंकचं, म्हणजे एका मशीनवरनं दुसऱ्यावर फाइली कॉपी करायच्या प्रोग्रामचं, जुनं व्हर्जन दिसलं आणि २०२५ ची संक्रांत आठवली. १४ जानेवारीलाच ३.४.० आलं, एकदम सहा भोकं (सुरक्षेतल्या त्रुटी) बुजवलेली. सगळ्यात वाईट जे होतं त्याला धोक्याचे दहापैकी ९.८ दिलेले. समोरचं मशीन चेकसमची (फाइल बरोबर आली का ते ताडायच्या आकड्याची) लांबी सांगतंय, ती आरसिंकचा डीमन (सर्व्हरवर मागं कायम चालणारा भाग) नीट तपासत नव्हता, म्हणून मेमरीत हद्दीबाहेर लिहिता यायचं. त्याला अजून एक भोक जोडलं की नुसती वाचायची परवानगी असलेला माणूस, तीपण बिनपासवर्डची, सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता! आमच्या सीएनसीचे प्रोग्राम, ड्रॉइंगा सगळं रोज रात्री ह्याच आरसिंकनं दुसऱ्या शेडला जातंय. घरात तिळगूळ वाटालेत आणि मी आरसिंकचं ८७३ पोर्ट, म्हणजे बाहेरनं आत यायचं दार, बंद करालोय. आधी पोर्ट, मग अपडेट, हाच क्रम बरोबर असं मला अजून वाटतंय. सांगा तुमचं.

निपाणीची सून : ३.४.० मध्ये काहीतरी मोडलं म्हणून लगेच ३.४.१ पण आलेलं की. आमच्या प्रेसमध्ये फोटो ह्यानंच जातात, पेपर थांबून चालत नाही, म्हणून मी आधी एका मशीनवर टाकून रात्रभर चालवलं, मग बाकीच्या. कुकर लागलाय, नंतर लिहिते

चिकोडी_सिसअॅडमिन : मला भोकापेक्षा ऑडिटवाल्यानं जास्त छळलं. उबुंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) वर आरसिंकचा नंबर ३.२.७ च राहतो, पॅच तेवढा आत घालतात, डेबियनचंपण तसंच. त्याच्या स्कॅनरला नंबर दिसला की लाल. शेवटी त्याच्यासमोर पॅकेजचा चेंजलॉग (काय बदललं त्याची यादी) उघडला, सीव्हीई-२०२४-१२०८४ ची, म्हणजे त्या ९.८ वाल्या भोकाच्या नोंदणी नंबराची, ओळ बोटानं दाखवली, तेव्हा सही केली. नंबर बघून घाबरू नका आणि नंबर बघून निर्धास्तपण राहू नका, चेंजलॉग वाचा

टिळकवाडी सर : एससीपी, ती फाइल कॉपी करायची दुसरी कमांड, विसरला काय सगळे? लॅबमध्ये पोरांना मी अजून तेच शिकवतो. ते मूळ आरसीपी ह्या १९८० च्या दशकातल्या जुन्या कॉपी कमांडीच्या वळणावरचं. फाइल तुम्ही मागायची पण तिचं नाव पाठवणार सर्व्हर, आणि क्लायंट ते मागितलेल्या नावाशी जुळवून बघतच नव्हता. म्हणजे कुंदा मागितला, दुकानदारानं डब्यात दुसरंच भरलं आणि आपण न उघडता पैसे देऊन घरी. होम फोल्डरमध्ये उभं राहून साधा रिपोर्ट मागवा, सर्व्हर बदमाश असेल तर तुमच्या .बॅशआरसीवर (लॉगिन केलं की आपोआप चालणारी फाइल) स्वतःचं लिहून मोकळा. हॅरी सिंटोनेन यांनी शोधलेलं हे जानेवारी २०१९ मध्ये बाहेर आलं. एप्रिलात ओपनएसएसएच (एससीपी ज्यातनं येतं ते पॅकेज) ८.० मध्ये नाव तपासायची सोय झाली, आणि करणाऱ्यांनीच लिहिलं की हा प्रोटोकॉल जुनाट आहे, सहज दुरुस्त होणारा नाही, एसएफटीपी (फाइली पाठवायची नवीन पद्धत) नाहीतर आरसिंक वापरा. एवढं सरळ लिहिणारे लोक मला फार आवडतात.

खानापूर_पाऊस : सर नमस्कार 🙏 तुमच्याच लॅबमधली मी. आता पुण्यात

टिळकवाडी सर : अगं वा! आईबाबा बरे आहेत ना? गावाकडं आलीस तर घरी ये.

शहापूरचा : ओपनएसएसएच ९.० नंतर, म्हणजे एप्रिल २०२२ पासनं, एससीपी आतून एसएफटीपीच वापरतंय, ते कोण सांगणार? नवीन लॅपटॉप घेतला आणि कारखान्यातल्या जुन्या डब्यावर फाइलच जाईना, त्याच्यात एसएफटीपीचा सर्व्हरच नाही. एससीपीच्या कमांडीत मायनस कॅपिटल ओ (-O) लावलं की जुन्या पद्धतीनं जातंय. पण ते त्या एका मशीनपुरतंच लावा गा, स्क्रिप्टीत कायमचं घालून ठेवू नका, नाहीतर पॅच केल्याचा उपयोग काय

निपाणीची सून : शहापूरचा, हे फार कामाचं. आमच्या जुन्या प्लेट मशीनचं हेच दुखणं असणार, दोन दिवस सगळे केबल बदलत बसलेत बिचारे

हुक्केरी९९ : कुंदा म्हटल्यावर भूक लागली. खडे बाजारात चांगला कुठं मिळतोय आता

उद्यमबागकर : हुक्केरी, पर्सनल मेसेज कर, सांगतो. निपाणी ताई, प्लेट मशीनला इंटरनेट नाही ना? नसेल तर कॅपिटल ओ चालेल.

निपाणीची सून : नाही, आतल्या आतच आहे.

संकेश्वर_मेडिकल : माझ्याकडं दुकानात एक एनएएस (नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा) आहे, बिलांचा बॅकअप. त्यात आरसिंक असतंय काय?

चिकोडी_सिसअॅडमिन : बऱ्याच जणांत असतंय दादा. सेटिंगमध्ये आरसिंक सर्व्हिस दिसली आणि वापरत नसला तर बंद करा. वापरत असला तर फर्मवेअर अपडेट बघा, आणि राउटरवर ८७३ बाहेरनं उघडं नाही ना तेवढं तपासा.

संकेश्वर_मेडिकल : लाइट गेलीया, आल्यावर बघून सांगतो