बिग बँगचा हिशोब 400 किलोव्होल्टच्या मशीनवर, ते पण डोंगराखाली?

लोकमान्यनगरकर:
नमस्कार मंडळी, बीएस्सी सेकंड इयरला आहे, फिजिक्स. इंदूरला आरआरकॅट या संशोधन केंद्रात इंडस-2 हे मोठं मशीन आहे, तिथे इलेक्ट्रॉन 2.5 जीईव्हीपर्यंत (अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट एनर्जीपर्यंत) नेतात हे शाळेपासून ऐकतोय, आणि परवा सर म्हणाले की बिग बँगनंतर पहिल्या काही मिनिटांत ड्युटेरियम (जड हायड्रोजन), हीलियम किती उरलं हे पक्कं करायला इटलीत लूना नावाचा प्रयोग आहे, मशीन फक्त 400 किलोव्होल्टचं! विश्व तेव्हा एवढं तापलेलं, मग छोटं मशीन कसं चालतं? आणि मोठ्या एनर्जीला मोजून ग्राफ खालपर्यंत वाढवला तर काय बिघडतं? विचारणार तेवढ्यात बेल झाली.

जुना_पलासिया:
अरे तापलेलं म्हणजे किती ते आधी काढ ना. ड्युटेरियम जळायला लागलं तेव्हा तापमान शंभर कोटी केल्विनच्या आसपास, केटी (त्या तापमानाला कणांकडे साधारण असते ती एनर्जी) काढलास तर 90 केईव्हीच्या (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आतच येतं, म्हणून 400 किलोव्होल्ट पुरतात. इंडस-2 चं कामच वेगळं, तिथे इलेक्ट्रॉन फिरवून एक्स-रे काढतात, त्याची इथे तुलना नको. खरी अडचण उलटी आहे, एनर्जी कमी म्हणूनच काम अवघड. दोन्ही केंद्रकं पॉझिटिव्ह, एकमेकांना ढकलतात, टनेलिंगनेच, म्हणजे एनर्जी अपुरी असूनही अडथळ्यातून पार होण्याच्या क्वांटम शक्यतेनेच आत शिरायचं, आणि एनर्जी जराशी उतरली की शक्यता धडाधड कोसळते. याच लूनावाल्यांनी आधीच्या 50 किलोव्होल्टच्या मशीनवर हीलियम-3 वर हीलियम-3 आदळून सूर्यातली रिॲक्शन मोजली होती, 1999 चा पेपर, सगळ्यात खालच्या 16.5 केईव्हीला महिन्याला दोन-दोन इव्हेंट. दोन!

डिटेक्टरवाली:
आणि म्हणून डोंगर. लूनाला मोजायची रिॲक्शन अशी: प्रोटॉन ड्युटेरियममध्ये शिरला की 5.5 एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) आसपासचा गॅमा किरण निघतो. भिंती, खडक, सिमेंट यांतल्या थोरियम-पोटॅशियमचे गॅमा 2.6 एमईव्हीला संपतात, त्याच्या वर जो कचरा दिसतो तो जवळपास सगळा कॉस्मिक रेचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांचा. जमिनीवर हे मोजणं म्हणजे रात्री सराफ्यात भर गर्दीत कोणी मागून हळूच हाक मारावी तसं. लूना आहे त्या ग्रान सासोच्या लॅबला डोक्यावर 1400 मीटर खडक आहे, कॉस्मिक रेमधून येणारे म्युऑन नावाचे कण दहा लाख पटींनी कमी होतात. खाण नाहीये बरं का, हायवेच्या बोगद्यातून गाडी सरळ लॅबमध्ये वळते.

पण मला विचाराल तर खरी मजा टार्गेटमध्ये आहे. इतक्या मंद प्रोटॉनला खिडकीची पातळशी फॉइलसुद्धा अडवते, म्हणून खिडकीच नाही, ड्युटेरियम गॅस तसाच ठेवायचा आणि बीम येतो त्या बारीक भोकातून सुटणारा गॅस पंपांनी टप्प्याटप्प्याने ओढत राहायचा. गॅसमध्ये बीमचा चार्ज बदलतो, म्हणून करंट नेहमीसारखा मोजता येत नाही, उष्णतेवरून काढतात: बीम जिथे थांबतो ती बाजू हीटरने कायम ठरावीक तापमानाला ठेवलेली असते, बीम पडला की हीटरला वीज कमी लागते, जेवढी वाचली तेवढी बीमची पॉवर.

लोकमान्यनगरकर:
वा ताई, हे भारीच. पण ग्राफ वाढवण्याचं राहिलं.

जुना_पलासिया:
तेच तर करत होते रे इतकी वर्षं. बिग बँगला लागतो त्या पट्ट्यात जुने आकडे थोडेच, त्यांत चूक 9 टक्क्यांपर्यंत, आणि थिअरीवाले म्हणणार खरा रेट याहून जास्त. तिकडे क्वेसारच्या (फार दूरच्या, अतिशय तेजस्वी आकाशगंगा-केंद्रांच्या) प्रकाशावरून ड्युटेरियमचं प्रमाण एक टक्क्याच्या अचूकतेने मिळालेलं, म्हणजे दुर्बीणवाले पुढे आणि लॅबवाले मागे पडले. 2020 साली लूनाने 32 ते 263 केईव्ही असा पट्टा 3 टक्क्यांच्या आत मोजून टाकला आणि त्यावरून निघालेली साध्या पदार्थाची घनता बिग बँगचा उरलेला प्रकाश मोजणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या आकड्याशी जुळली.

मालवाकाका:
जुळली म्हणून लगेच पेढे वाटू नका. लिथियमचं काय? हिशोबात लिथियम-7 येतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकंच जुन्या ताऱ्यांत सापडतं, आणि तिथे रिॲक्शनचे रेट कितीही घासूनपुसून मोजले तरी तेवढा फरक निघत नाही, माझ्या मते भानगड ताऱ्यांतच असणार.
बाकी आपल्याकडे कोलकात्याला साहा इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेना नावाचं असंच मशीन आहे, 3 एमव्हीचं (तीस लाख व्होल्टचं), पण जमिनीवर. झारखंडमधल्या जादूगोड्याच्या युरेनियम खाणीत 550 मीटर खाली लॅब आहे. आता हे दोन्ही एका जागी कोण आणणार?

डिटेक्टरवाली:
काका, लिथियमबद्दल पटतं. ड्युटेरियमचं मात्र अजून संपलेलं नाही, आता चूक उरलीय ती मुख्यतः ड्युटेरियम-ड्युटेरियम रिॲक्शनच्या रेटमध्ये, आणि तिच्या एका शाखेत गॅमा नाही, न्यूट्रॉन निघतो. डोंगराखाली शेजारी डार्क मॅटर (विश्वातला न दिसणारा पदार्थ) शोधणारे बसलेत, त्यांच्या कानाशी न्यूट्रॉन सोडायचे म्हणजे आधी जाडजूड शील्डिंग आणि मग परवानग्या!