द्यातलोव खिंड: तंबू आतून का फाडला?

कातळवाट: १ फेब्रुवारी १९५९ ला रशियातल्या उत्तर उरल पर्वतातल्या खोलात स्याखल डोंगराच्या उघड्या उतारावर इगोर द्यातलोवच्या स्कीवरून भटकणाऱ्या नऊ जणांच्या गटाने तंबू लावला. दहावा, युरी युदिन, आजारी पडून आधीच परतला होता. त्या रात्री तंबू आतून फाडून, बूट-कोट तसेच टाकून सगळे दीड किलोमीटर खाली जंगलाकडे गेले. एकही वाचला नाही. सोव्हिएत तपासाने 'अनिवार्य नैसर्गिक शक्ती' एवढंच म्हणून फाइल बंद केली.

माझं ठाम मत: स्लॅब, म्हणजे घट्ट बर्फाचा थर, उतारावरून सुटला. त्यांनी उतार कापून सपाट जागा केली, स्की अंथरल्या आणि वर तंबू लावला. घट्ट थराखाली साखरेसारखा सुटा बर्फ असेल तर असं कापल्यावर वरच्या थराचा पायाचा आधार जातो. तो लगेच सुटत नाही. रात्रभर वारा माथ्यावरून बर्फ आणून टाकतो, वजन वाढतं, मग तुटतो. गोम आणि पुझ्रिन या संशोधकांनी २०२१ मध्ये मांडलेल्या गणितात हा उशीर साडेसात ते साडेतेरा तासांचा येतो. 'बर्फ सुटण्याइतका उतार तीव्र नव्हता' असं म्हणणारे बर्फाचा वरचा पृष्ठभाग मोजतात. बर्फाखालची जमीन तंबूपाशी २८ अंशांच्या आसपास आहे.

पाणकणीस: गणिताशी भांडण नाही, पण तंबूचं काय? २६ फेब्रुवारीला तो सापडला तेव्हा पुढच्या टोकाची काठी उभीच होती. कापडावर थोडा बर्फ आणि त्या बर्फावर टॉर्च. खाली उतरणारे आठ-नऊ जणांचे ठसे चालल्याचे, पळाल्याचे नाहीत. काही फक्त मोज्यांचे.

मला वारा पटतो. माथ्यावरची थंड, जड हवा अचानक खाली कोसळते आणि कापडी तंबू टिकत नाही. स्वीडनमध्ये अनारिसला १९७८ च्या फेब्रुवारीत अशाच वाऱ्यात नऊपैकी आठ जण गेले. कापड अंगावर बसलं की टोकाच्या दारापर्यंत नऊ जण सरकत जाणार कसे? सर्वांत जवळची वाट म्हणजे बाजूचं कापड फाडणं. टॉर्च त्यांनीच खुणेसाठी वर ठेवला असावा.

कातळवाट: लहान स्लॅबला पुढची काठी पाडायची गरज नाही. सुमारे पाच मीटरचा ठोकळा मागच्या भागावर बसला तरी पुरे. आणि २५ दिवसांच्या वाऱ्यानंतर ढिगाऱ्याची खूण तशीच राहील का? तुमच्या वाऱ्यातून गटातल्या दुबिनिनाच्या दोन्ही बाजूंच्या मोडलेल्या बरगड्या, झोलोतार्योवच्या मोडलेल्या उजव्या बरगड्या आणि तिबो-ब्रिन्योलची फुटलेली कवटी निघत नाही. खाली कडक स्की, वर जड ठोकळा, मधे झोपलेली माणसं, मग निघते.

ओढ्याकाठी: दोघंही तंबूपाशीच अडकलात. छाती अशी चेपलेली माणसं अंधारात, बर्फात दीड किलोमीटर चालली? उचलून किंवा ओढून नेल्याच्या खुणा ठशांत नाहीत. हे तिघं आणि कोलेवातोव मे महिन्यात ओढ्याच्या घळीत सापडले, तीन-चार मीटर बर्फाखाली. शेजारी कोवळ्या फर झाडांचे शेंडे अंथरून केलेली बैठक होती. अशा ठिकाणी खालून पाणी वाहतं, बर्फ पोकळ होतो आणि छत धसतं. वरून काही टन बर्फ, खाली दगड. बाहेरून मोठी जखम नसताना आतली हाडं मोडतात ती अशीच. म्हणजे जखमा घळीतल्या, आणि तंबू का सोडला हा प्रश्न वेगळा. दोन्हीला एकच उत्तर शोधलं की गाडी अडते.

निशाचर: आणि काही कपड्यांवर सापडलेलं रेडिएशन? आकाशात दिसलेले प्रकाशाचे गोळे? दुबिनिनाचा जीभ नसलेला देह?

ओढ्याकाठी: गटातला क्रिवोनिशेंको मायाक अणुकेंद्रात कामाला होता, १९५७ चा किश्तिमचा अपघात तिथलाच. गोळ्यांच्या बहुचर्चित नोंदी १७ फेब्रुवारी आणि ३१ मार्चच्या, म्हणजे या रात्रीनंतरच्या. देह तीन महिने ओल्या बर्फात आणि पाण्यात असला की मऊ भाग आधी जातात. झोलोतार्योव सोडला तर सगळी विशीतली पोरं होती. त्यांच्या मरणावर रॉकेट आणि राक्षस चिकटवलेले पाहिले की जीव तुटतो. शेवटपर्यंत ती किती शहाणपणाने वागली बघा: पाइनच्या झाडावर चढून सुमारे पाच मीटरपर्यंतच्या सुक्या फांद्या तोडल्या, शेकोटी पेटवली. तिथे दोघं गेल्यावर त्यांचे कपडे कापून उरलेल्यांनी अंगावर घेतले. दुबिनिनाच्या पायाला क्रिवोनिशेंकोच्या पँटचा तुकडा गुंडाळलेला होता.

पाणकणीस: घळीचं मान्य. पण मग जखमांसाठी स्लॅब लागतच नाही. कातळवाट, तुमचा मुख्य पुरावाच गेला.

कातळवाट: जखमांचा गेला, फाडलेल्या कापडाचा नाही. द्यातलोव, स्लोबोदिन आणि कोल्मोगोरोवा हे तिघं झाडापासून तंबूच्या दिशेने परत चढताना गोठले. म्हणजे तंबू परत गाठण्याजोगा आहे असं त्यांना वाटत होतं. मग निघताना बूट सोबत का घेतले नाहीत? वाऱ्याने पाडलेल्या कापडाखालून बूट ओढता येतात, घट्ट बसलेल्या बर्फाखालून हाताने नाही.

पाणकणीस: ताशी सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या वाऱ्यात, उणे पंचवीस अंशांत, उघड्या बोटांनी बूट शोधून घालायला किती मिनिटं लागतील ते आधी धरा. तेवढ्यात बोटं कामातून जातात. जंगलात आडोसा आणि सरपण होतं, ते आधी गाठायचं ठरलं असणार.