मदत हवी आहे: फुलं गळतात, फळ धरत नाही, परसात मधमाशीच नाही (बेळगाव)

वडगावकर
नमस्कार. परसातल्या वेलांना फुलं भरभरून येतात, पण फळ धरत नाही. बोटाएवढं होतं, टोकाकडून पिवळं पडतं आणि गळतं. खत-पाणी वेळेवर आहे. रोज सकाळी वेलाजवळ उभा राहून बघतो, एक मधमाशी दिसत नाही. लहानपणी याच परसात आई माश्या हाकलत फुलं तोडायची. दुकानातली औषधं सुचवू नका, आणणार नाही. माश्या परत कशा आणायच्या तेवढं सांगा. जरा लवकर, हंगाम चाललाय.

खानापूरचा संतू
वेल कसलं ते सांगा की ओ आधी. दोडका, काकडी, भोपळा, सगळ्यांचं वेगवेगळं असतंय.

निपाणीकाका
हे फळमाशीचं काम आहे. मधमाशीचा काही संबंध नाही. क्यू ल्यूरचा, म्हणजे नर फळमाश्यांना ओढणाऱ्या गंधाचा सापळा टांगा, आठवड्यात फरक दिसेल. आमच्याकडे सगळे तेच लावतात.

वडगावकर
काका, गळलेलं फळ कापून बघितलं. आत अळी नाही, बाहेर टोचल्याची खूण नाही, डिंकही नाही. माझा प्रश्न मधमाश्यांचा आहे.

मधुपेटी
सोपा उपाय सांगतो. सातेरीची, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीची, एक पेटी ठेवा. मी ठेवली आहे, शेजारपाजारच्या बागासुद्धा सुधारल्या. तोटगारिके (बागायत खात्याच्या) ऑफिसात चौकशी करा, पेटीला अनुदान असतं.

अनगोळची माई
पेटी ठेवा म्हणताय, खरं त्या माश्यांनी खायचं काय? आजूबाजूला प्लॉट पडले, सगळीकडे काँक्रीट आणि फरशी. सातेरी साधारण एक-दीड किलोमीटर फिरते. तेवढ्यात वर्षभर फुलं नसली तर पेटी सोडून जाते. आधी फुलं लावा, मग पेटीचं बोला.

मधुपेटी
माई, फुलं लावून माश्या आभाळातून पडत नाहीत. आसपास मोहोळच नसेल तर येणार कुठून?

अनगोळची माई
मोहोळं होती की. आमच्या जुन्या घराच्या मातीच्या भिंतीतल्या पोकळीत सातेरी असायची, कोणी हात लावायचं नाही. घर पाडलं, स्लॅब आला, त्यांची जागा गेली. शेतात बांधावर तणनाशक मारतात, तिथली रानफुलं गेली. चिक्कोडी-रायबागकडे बघा, मैलोन्‌मैल नुसता ऊस. माशीला त्यात काय मिळणार?

हिंडलग्याचा विनू
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. जांबोटी बाजूचं जंगली मध घेतलं. पाण्यात टाकलं तर सरळ तळाला बसलं. म्हणजे शुद्धच ना?

अरभावी बागायत
विनूदादा, साखरेचा घट्ट पाकही तळाला बसतो. त्यावरून काही कळत नाही. खात्री हवी तर प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं.

वडगावकर काका, संतूदादांनी विचारलेलं अजून राहिलंय. वेल कुठले? आणि फवारणी करता का? औषध नको म्हणालात, पण घरगुतीही काही मारत नाही का?

वडगावकर
दोडका जास्त, बाजूला काकडीचे दोन-चार वेल. मावा येतो म्हणून निंबोळी अर्क मारतो. तोही सगळे सांगतात तसा संध्याकाळीच, माश्या घरी गेल्यावर. त्यात काय वाईट?

अरभावी बागायत
काका, गोम इथेच आहे. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं आणि सकाळपर्यंत मलूल होतं. तुम्ही सकाळी बघता तेव्हा त्याची वेळ टळलेली असते. काकडीचं मात्र सकाळी उमलतं, त्यामुळे काकडीवर सकाळी माशी नसणं ही खरी काळजीची गोष्ट आहे. घोसाळ्याचं पहाटे, दुधीचं दोडक्यासारखं संध्याकाळी. ‘फवारणी संध्याकाळी करा’ हा सल्ला सकाळी फुलणाऱ्या पिकांसाठी बरोबर आहे. दोडक्यावर तीच वेळ धरली तर अर्क थेट उघड्या फुलात जातो. काही दिवस अर्क पूर्ण थांबवा. मावा दिसला तर पानाच्या खालून नुसत्या पाण्याचा जोरात फवारा मारून धुवा.

तोवर परागीकरण हाताने करा. ज्या फुलाच्या देठाशी बारीक दोडका दिसतो ते मादी. नर फुलं घोसाने येतात, त्यांच्यामागे फळ नसतं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला पिवळा भाग मादी फुलाच्या मधोमध हलकेच फिरवा. बोटाला पिवळी पूड लागली म्हणजे पराग तयार आहेत. काकडीला हेच सकाळी लवकर.

निपाणीकाका
हाताने किती दिवस करणार? आमच्या लहानपणी असलं काही करावं लागत नव्हतं.

अरभावी बागायत
खरं आहे काका. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाचा विषाणू दक्षिण भारतात पसरला. त्यात मधमाश्यांच्या अळ्या मरतात. कर्नाटकात सातेरीच्या बहुतेक वसाहती तेव्हा नष्ट झाल्या. त्यात इमिडाक्लोप्रिडसारख्या कीटकनाशकांची भर पडली. ते झाडात भिनतं, मग परागात आणि मकरंदात उतरतं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये त्याचा उघड्या शेतातला वापर बंद केला. म्हणून मधुपेटीदादांची तळमळ मला पटते, पण क्रम माईंचा बरोबर आहे. आणि फक्त सातेरीच्या मागे लागू नका. कोती माशी (बारीक, डंख नसलेली), निळ्या पट्ट्यांची माशी, काळा भुंगा, सगळे कामाला येतात. निळ्या पट्ट्यांची माशी मातीत बीळ करते. परसाचा एक कोपरा फरशी न घालता, न खणता तसाच मोकळा ठेवा. वाळलेलं लाकूड असेल तर पडू द्या, भुंगा त्यात घर करतो.

हिंडलग्याचा विनू
आमच्या अपार्टमेंटला आग्या मोहोळ लागलंय. जाळून टाकायचं ठरतंय.

अनगोळची माई
अजिबात जाळू देऊ नका! आग्या हंगाम संपला की आपणहून उठून जाते. वर्दळीच्या जागी असेल तर मोहोळ न मारता काढणाऱ्या जाणकाराला बोलवा.

वडगावकर
काल अर्क मारला नाही. संध्याकाळी वेलाजवळ बसलो. एकेक कळी सैल होत डोळ्यांदेखत उमलली. पंधरा-वीस नर फुलांत पाच मादी. हाताने केलं. मागून एक काळा भुंगा आला आणि फुलामागून फुल धरत गेला, अंगावर पिवळी पूड. सातेरी नाही दिसली. आता सांगा, त्यांच्यासाठी लावू काय?

खानापूरचा संतू
कोथिंबीर कापू नका, फुलू द्या. बडीशेपही तशीच. उथळ परातीत खडे टाकून पाणी ठेवा, खोल ठेवलं तर बुडत्यात.

अनगोळची माई
तुळस आणि सब्जा लावा. मंजिऱ्या खुडू नका, माशी त्यावरच येते. शेवगा असेल तर छाटणी फुलं सरल्यावर. सब्जाचं बी माझ्याकडे भरपूर आहे. रविवारी घेऊन जा, तुमच्या गल्लीत दोन-तीन घरांना वाटा. एकट्याच्या परसाने भागणार नाही.

वडगावकर
रविवारी येतो, माई. शेजारच्या दोघांनाही घेऊन येतो.