डीएफडीएस : खरा धंदा ट्रेलरचा

डीएफडीएस या डॅनिश जहाज कंपनीला कुणी ‘कोपनहेगन-ओस्लो क्रूझवाली कंपनी’ म्हणतं. आता तेही उरलं नाही, तो मार्ग बोटींसकट २०२४ मध्ये स्वीडनच्या गोटलंड बेटावरच्या कंपनीला विकला.

नावाचा अर्थ ‘संयुक्त आगबोट कंपनी’. टिटगेन या बँकरने १८६६ साली तीन कंपन्या जोडून ती उभी केली. मला मात्र रस आहे तो एस्बियर (डेन्मार्क)-हारविच (इंग्लंड) मार्गात (१८७५ ते २०१४). त्यावरच्या ‘क्रोनप्रिन्स फ्रेडरिक’ या बोटीला १९५३ मध्ये हारविचच्या धक्क्यालाच आग लागली. विझवायला इतकं पाणी मारलं की बोट त्या पाण्याच्याच वजनाने कलंडली! वर काढून, दुरुस्त करून पुन्हा चालवली, हे विशेष. मार्ग बंद पडला तो ड्यूटी-फ्री विक्री गेल्यामुळे आणि २०१५ पासूनच्या, जहाजाच्या इंधनातल्या गंधकावरच्या नियमांनी इंधन महागणार म्हणून.

ताफ्याचं म्हणाल तर आता जोर रो-रो बोटींवर, म्हणजे ज्यांत गाड्या चाकांवरच आत-बाहेर करतात अशा मालबोटींवर. त्यांची क्षमता ‘लेन मीटर’मध्ये मोजतात, म्हणजे डेकवर गाड्यांच्या रांगांची एकूण लांबी. ‘इफेसस सीवेझ’सारख्या बोटीत ही रांग साडेसहा किलोमीटरच्या वर जाते. त्यातल्या बऱ्याचशा गाड्या तर ड्रायव्हरविनाच प्रवास करतात, म्हणजे ट्रकचा नुसता मागचा ट्रेलर.