विकासदर म्हणजे नेमका कशाचा दर?

एक लेख मराठीत आणतेय, विषय लोकशाही आणि आर्थिक विकास, म्हणजे गरीब देशाने आधी पोट भरावं की आधी मत द्यावं हा जुनाच वाद. दोन ठिकाणी अडलंय. डेव्हलपिंग देशांना विकसनशील म्हणायचं की विकासशील? आणि दुसरं म्हणजे ग्रोथ आणि डेव्हलपमेंट एकाच वाक्यात आले की पंचाईत होते, दोन्हीकडे हात आपोआप विकासच टाईप करतो. लेखातलं म्हणणं असं की हुकूमशाहीत ग्रोथ होते पण डेव्हलपमेंट होईलच असं नाही. मी लिहिलं 'विकासदर वाढतो पण विकास होत नाही' आणि वाचून माझं मलाच हसू आलं.

----

विकसनशील लिहा, डोळे मिटून. विकासशील हिंदीत चालतं, मराठीत ते चूक नाही (विचारशील आहेच की) पण कानाला परकं लागतं.

----

हसू कशाला, तुमच्या वाक्यात अख्खा वाद आलाय! पेपरवाल्यांनी जीडीपीच्या वाढीला 'विकासदर' म्हणायला सुरुवात केली तिथेच घोळ झाला. तो आकडा फक्त वाढीचा, म्हणजे देशात वर्षभरात जे काही पिकलं, बनलं, सेवा म्हणून विकलं गेलं त्याची एकूण किंमत, महागाई वगळून, गेल्या वर्षीपेक्षा किती टक्क्यांनी वाढली एवढंच तो सांगतो, ते कुणाच्या घरात गेलं हे नाही. इक्वेटोरियल गिनी बघा, १९७९ पासून एकच राष्ट्राध्यक्ष, नव्वदच्या दशकात समुद्रात तेल लागलं, दरडोई उत्पन्नाचा आकडा आफ्रिकेतल्या बड्या देशांच्या रांगेत जाऊन बसला, आणि बहुसंख्य माणसं गरीबच. सुजेला आपण बाळसं म्हणत नाही ना, मग याला विकासदर का म्हणायचं? उलट १९९० पासून जो मानव विकास निर्देशांक काढतात त्यात उत्पन्नाबरोबर आयुर्मान आणि शिक्षण धरतात, तिथे विकास हा शब्द शोभतो.

----

मुळात विकसणं म्हणजे उमलणं, कळी विकसते. क्रियापद अकर्मक आहे, कळीला कुणी विकसवत नाही. आता आपण 'विकास केला' म्हणतो, म्हणजे कर्ता आला, आणि कर्ता आला की श्रेय घेणाराही आला. इंडोनेशियात हुकूमशहा सुहार्तोंना चक्क 'बापाक पेंबांगुनान' ही पदवी होती, विकासाचे बाप! तिकडचा शब्द 'बांगुन' म्हणजे उठणं, उभं राहणं यावरून आलाय, त्यात बांधकामाची छटा आहे, म्हणून बाप शोभतो तरी. उमलण्याला बाप कसला? १९९८ मध्ये अर्थव्यवस्था एका वर्षात साधारण १३ टक्क्यांनी आकसली आणि त्याच वर्षी बापांना पायउतार व्हावं लागलं.

आणि 'शील' प्रत्ययाची गंमत. सहनशील, प्रयत्नशील, म्हणजे ज्याचा तो स्वभावच आहे तो. त्या न्यायाने विकसनशील देश म्हणजे विकसत राहणं हा ज्याचा स्वभाव, पोचणार कधीच नाही. जागतिक बँकेने २०१६ मध्ये आपल्या आकडेवारीतून विकसित-विकसनशील ही विभागणीच काढून टाकली, आपण मात्र शील सांभाळून आहोत.

----

शब्दांचा कीस पाडताय सगळे. दक्षिण कोरियाचं काय? पार्क चुंग-ही १९६१ ते १९७९, कडक हुकूमशाही, आणि त्यातच देश वर आला. तिथे वाढ पण झाली आणि विकास पण, शाळा, आरोग्य, सगळं. शब्द बदलून हे कसं पुसणार?

----

पुसायचं नाहीच आहे. पण कोरिया सांगताना माणसं १९८७ नंतरचं गाळतात, थेट निवडणुका आल्या आणि गाडी त्यानंतरही पळतच राहिली. शिवाय हुकूमशाहीच्या खात्यात कोरिया टाकला तर १९५९ ते ६१ चा चीनमधला दुष्काळ पण त्याच खात्यात टाका, कोट्यवधी माणसं भुकेने गेली. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचा मुद्दा तोच, की निवडणुका आणि मोकळी वर्तमानपत्रं जिथे चालू आहेत तिथे माणसं भुकेने मरतील असा मोठा दुष्काळ पडत नाही, कारण ओरडणारा असतो आणि सरकारला खुर्चीची भीती असते. वर्षाच्या दरात 'न पडलेला दुष्काळ' कुठे दिसतो? आफ्रिकेतला बोत्स्वाना पण घ्या की, १९६६ ला स्वातंत्र्य, लगेच पुढच्या वर्षी हिरे सापडले, निवडणुका कधी थांबल्या नाहीत, आणि हिऱ्यांचे पैसे शाळा-रस्त्यांना लागले. अर्थतज्ज्ञ असेमोग्लू आणि मंडळींनी २०१९ मध्ये १७५ देशांचा हिशोब मांडला त्यात लोकशाहीकडे वळलेल्या देशाचं दरडोई उत्पन्न २५ वर्षांत, तो वळला नसता त्यापेक्षा, साधारण २० टक्क्यांनी जास्त निघालं. २५ वर्षं म्हणजे पाच निवडणुका, धीर कुणाला आहे.

जाता जाता, लोकशाहीतली 'शाही' पण शहाचीच बरं का, आदिलशाही निजामशाहीतली. म्हणून हुकूमशाही, नोकरशाही, घराणेशाही, झुंडशाही सगळ्या एकाच पंगतीला बसतात. हिंदी-बंगालीवाल्यांनी 'तंत्र' घेतलं, त्यात निदान यंत्रणेचा वास येतो.

----

कोरियाबद्दल अर्धं मान्य. बाकी ग्रोथला वृद्धी म्हणा, 'वृद्धिदर', समासात धि ऱ्हस्व.

----

सगळ्यांचे आभार. वाक्य आता असं केलंय, 'हुकूमशाहीत उत्पन्न वाढू शकतं, पण तेवढ्याने देश विकसतो असं नाही.' वृद्धिदर मजकुरात सगळीकडे घातला. फक्त मथळ्यात संपादकांनी परत विकासदर केलंय, म्हणे वृद्धी वाचलं की लोकांना म्हातारी आठवते.