आरशात न दिसणारी ती कोण? विराण्या, क्वीअर वाचन आणि अद्वैत

निळी_शाई: ज्ञानेश्वरांची विराणी, म्हणजे विरहिणीचं गाणं, 'घनु वाजे घुणघुणा' परत परत वाचतेय. 13व्या शतकातला एक तरुण, संन्याशाच्या घरातला पोरगा, आणि बोलतोय विरहिणी होऊन, चंदनाची चोळी अंग पोळते म्हणतोय. शाळेपासून आपल्याला सांगितलं काय, तर रूपक आहे, जीव म्हणजे बाई नि परमात्मा म्हणजे नवरा, चला पुढची कविता. अहो पण अद्वैतच सांगायचं होतं तर बाईचं अंग कशाला लागलं? क्वीअर वाचन, म्हणजे बाई-पुरुष हे साचे पक्के न धरता वाचणं, माझ्यासाठी एवढंच, हा प्रश्न घाईघाईने मिटवायचा नाही.

तिरकस_तात्या: झालं, आता माउलींनाही लेबल चिकटवा. क्वीअर थिअरी विद्यापीठांत आली 1990च्या आसपास, आणि ती लावायची सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाला. जिथे दुसरं कोणी उरतच नाही तिथे बाई कोण आणि पुरुष कोण, सगळं एकच. विषय संपला.

निळी_शाई: तात्या, लेबल कवीला लावतच नाहीये, ते कोण होते हे मला कळायचा मार्गच नाही. ओळ काय करते ते बघतेय. त्यांच्याच अमृतानुभवात अगदी सुरुवातीलाच आहे बघा, 'जो प्रियुचि प्राणेश्वरी', म्हणजे प्रियकर तोच प्रेयसी, प्रेमाच्या भरात उलटापालट. हे क्वीअर थिअरीवाल्या ज्युडिथ बटलर यांनी नाही लिहिलं.

दगडी_जातं: माझं तुम्हा दोघांशी जमत नाही. पुरुष संतांनी विराणी लिहिली, गौळण लिहिली, छान, पण तो पदर त्यांना काढून ठेवता येत होता. जनाबाईला येत नव्हता. नामदेवांच्या घरची दासी ती, 'डोईचा पदर आला खांद्यावरी, भरल्या बाजारी जाईन मी' म्हणते आणि शेवटाला स्वतःला 'येसवा' म्हणवून घेते, वेश्या! हा शब्द बाईने स्वतःसाठी वापरायला काय छाती लागत असेल. आणि इथेही लोक म्हणतात, रूपक. उधारीचा बाईपणा आणि भोगलेला बाईपणा एका तागडीत तोलू नका प्लीज.

निळी_शाई: उधारीचा हा शब्द लागला, पण मान्य.

तिरकस_तात्या: जनीचाच तर दाखला घ्या ना, 'झाडलोट करी जनी, केर भरी चक्रपाणी'. देव आणि दासी एक झाले, भेद उरला कुठे?

दगडी_जातं: एक झाले म्हणजे काय हो, देव खाली वाकून केर भरतोय! तिच्या कामात येऊन एक झाला. ती काही मखरात जाऊन बसली नाही. एकत्व कोणाच्या बाजूने झालं हे विचारायचंच नाही का?

पुस्तकी_किडा: यावरून एड्रियन रिच आठवली, अमेरिकन कवयित्री. तिच्या एकवीस प्रेमकविता, 1976च्या, एका बाईने दुसऱ्या बाईवर लिहिलेल्या. वाचणारे कौतुकाने म्हणायचे, या तर सगळ्यांच्याच प्रेमाच्या आहेत, आणि तिला त्याचाच राग यायचा. वैश्विक म्हटलं की त्यातली दुसरी बाई गुपचूप पुसली जाते ना.

तिरकस_तात्या: हे मात्र खरंय की आपण 'घनु वाजे' लताबाईंच्या आवाजात इतकं ऐकलंय की लिहिणारा पुरुष आहे हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. तरी मी म्हणेन शेवट बघा, 'दर्पणीं पाहतां रूप न दिसे वो आपुलें'. आरशात रूपच नाही! विरघळली ती, अद्वैत झालं. आता यात जेंडर शोधा.

दगडी_जातं: आरशात बाई दिसेनाशी झाली याचा आनंद नेहमी दुसऱ्यालाच का होतो?

निळी_शाई: थांबा थांबा, लगेच पुढची ओळ आहे, 'बापरखुमादेवीवर विठ्ठलें मज ऐसें केलें'. रखुमादेवीचा वर! म्हणजे हिची ही अवस्था ज्याने केली तो दुसरीचा नवरा आहे, आणि कवितेच्या शेवटी हे स्पष्ट नावानिशी येतं. तात्या, सगळं एकच झालं असेल तर रखुमाई अजून तिथे काय करतेय?

तिरकस_तात्या: मुद्रा आहे ती, कवीची सही, त्यांच्या बऱ्याच अभंगांत असते.

निळी_शाई: असते ना. म्हणूनच तर विचारतेय.

तिरकस_तात्या: गाथा काढून बसतो रात्री. बाकीच्या विराण्या बघून बोलतो.